फ्रेडी मर्क्युरी

फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव: फरोख बुलसारा, जन्म: ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार, मृत्यू: २४ नोव्हेंबर १९९१, लंडन) हे पारशी वंशाचे ब्रिटिश गायक, गीतकार, संगीतकार आणि पियानोवादक होते. ‘क्वीन’ या जगप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचे ते प्रमुख गायक होते. विस्तृत पल्ल्याचा आवाज, नाट्यमय सादरीकरण आणि अफाट जनसमुदायाला आपल्या गाण्यात सहभागी करून घेण्याचे सामर्थ्य यांमुळे विसाव्या शतकातील सर्वश्रेष्ठ रंगमंचीय गायकांमध्ये त्यांची गणना होते. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडागारात ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमात त्यांनी सादर केलेले सुमारे २१ मिनिटांचे गायन रॉक संगीताच्या इतिहासातील एक सर्वोत्तम प्रत्यक्ष सादरीकरण मानले जाते.

मर्क्युरी यांच्या जीवनाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. त्यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले. पियानोचे पद्धतशीर शिक्षण त्यांना तेथेच मिळाले आणि वाद्यवृंदात वाजवण्याचा पहिला अनुभवही त्यांनी तेथेच घेतला.

जन्म व कुटुंब

फरोख यांचा जन्म पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर, स्टोन टाउन या जुन्या शहरात झाला. झांझिबार त्या काळी सुलतानाच्या नाममात्र सत्तेखालील ब्रिटिश संरक्षित प्रदेश होता. वडील बोमी बुलसारा तेथील ब्रिटिश वसाहत प्रशासनात रोखपाल होते. आईचे नाव जेर. हे कुटुंब मूळचे गुजरातमधील वलसाडचे. वलसाडचे जुने नाव बुलसार असे होते व त्यावरूनच बुलसारा हे आडनाव पडले. घरात झरथुष्ट्री धर्माचे आचार पाळले जात. १९५२ मध्ये फरोख यांची धाकटी बहीण काश्मिरा हिचा जन्म झाला.

झांझिबारमध्ये नोकरी-व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांचे मायदेशाशी संबंध टिकून होते. मुलांना शिक्षणासाठी भारतात पाठवण्याची प्रथाही त्यांच्यात होती. फरोख यांना वयाच्या आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूल या इंग्रजी पद्धतीच्या निवासी शाळेत दाखल करण्यात आले. समुद्रमार्गे मुंबई आणि तेथून सह्याद्रीचा घाट चढून पाचगणी असा हा प्रवास होता. आईवडिलांपासून इतक्या लहान वयात आणि इतक्या दूर राहावे लागल्याचा परिणाम त्यांच्या स्वभावावर झाला. एकीकडे स्वावलंबन आणि दुसरीकडे अनोळखी माणसांसमोर संकोच ही दोन्ही वैशिष्ट्ये पुढे आयुष्यभर त्यांच्यात दिसून आली.

पाचगणीतील शालेय जीवन

पाचगणी हे थंड हवेचे ठिकाण ब्रिटिश अमदानीत वसले आणि निवासी शाळांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले. सेंट पीटर्समध्ये फरोख यांना शिक्षक व सोबती ‘फ्रेडी’ म्हणू लागले. हेच नाव पुढे घरच्यांनीही स्वीकारले. ते टेबल टेनिस उत्तम खेळत, मुष्टियुद्धातही भाग घेत आणि चित्रकलेत त्यांना चांगली गती होती. १९५८ मध्ये कनिष्ठ गटातील अष्टपैलू विद्यार्थ्याचे पारितोषिक त्यांना मिळाले. शाळेच्या नाटकांत ते भूमिका करीत व समूहगायनातही सहभागी होत.

त्यांचा संगीताकडील ओढा ओळखून शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना पियानोचे स्वतंत्र शिक्षण देण्याविषयी सुचवले, असे चरित्रकार नमूद करतात. पालकांनी जादा शुल्क भरण्याची तयारी दर्शवली आणि फ्रेडी यांचे रीतसर शिक्षण सुरू झाले. पियानोच्या प्रात्यक्षिक आणि लेखी अशा दोन्ही परीक्षांत त्यांनी चौथ्या श्रेणीपर्यंत मजल मारली. एकदा ऐकलेले गाणे लगेच पियानोवर वाजवून दाखवण्याची त्यांची हातोटी सहाध्यायांच्या स्मरणात राहिली.

१९५८ मध्ये फ्रेडी आणि त्यांचे चार वर्गमित्र यांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद स्थापन केला. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड आदी तत्कालीन लोकप्रिय गायकांची गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत सादर करीत. साधने तुटपुंजी होती. खर्जाच्या सुरांसाठी चहाच्या खोक्याला काठी व दोरी जोडून केलेले वाद्य वापरले जाई. या वाद्यवृंदाचे प्रमुख गायक फ्रेडी नव्हते. ते मागे बसून पियानो वाजवीत व साथीला गात. पुढे लाखोंच्या समुदायासमोर एकट्याने उभे राहणाऱ्या या कलावंताचे संगीतजीवन अशा रीतीने साथीदार म्हणून सुरू झाले.

सुट्टीत झांझिबारला जाणे नेहमी शक्य नसे. त्यामुळे ते अनेकदा मुंबईत नातेवाइकांकडे राहत. पाश्चात्त्य संगीताबरोबरच मुंबईत सर्वत्र कानी पडणारे हिंदी चित्रपटसंगीत त्यांनी या काळात ऐकले. लता मंगेशकर यांच्या गायनाचा त्यांच्या जडणघडणीवर प्रभाव होता, असा उल्लेख त्यांच्याविषयीच्या लेखनात आढळतो. शेवटच्या काही वर्षांत त्यांचे अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले. दहावीच्या परीक्षेत त्यांना यश मिळाले नाही आणि शिक्षण अर्धवट सोडून ते झांझिबारला परतले.

स्थलांतर व इंग्लंडमधील उमेदवारी

डिसेंबर १९६३ मध्ये झांझिबार स्वतंत्र झाले आणि अवघ्या महिनाभरात, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथवण्यात आली. या उठावात अरब आणि भारतीय वंशाच्या हजारो लोकांची हत्या झाली. बुलसारा कुटुंबाने जीव वाचवण्यासाठी देश सोडला आणि इंग्लंड गाठले. लंडनच्या पश्चिमेकडील फेल्टम या उपनगरात त्यांनी एका छोट्या घरात नव्याने संसार थाटला. फ्रेडी त्या वेळी सतरा वर्षांचे होते.

आयलवर्थ येथील तंत्रनिकेतनात कलाविषयाचा अभ्यास केल्यानंतर त्यांनी ईलिंग कला महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९६९ मध्ये आरेखन कलेची पदविका मिळवली. उपजीविकेसाठी त्यांनी हीथ्रो विमानतळावर सामानाची चढउतार करण्याचे काम केले, तसेच लंडनच्या केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकण्याचा गाळा चालवला. या गाळ्यात त्यांचे भागीदार होते ढोलवादक रॉजर टेलर. अमेरिकी गिटारवादक जिमी हेंड्रिक्स हे फ्रेडी यांचे दैवत होते. त्यांचे कार्यक्रम पाहण्यासाठी ते कितीही दूर जात. ‘आयबेक्स’ आणि ‘सावर मिल्क सी’ या वाद्यवृंदांतून गाण्याचे प्रयत्नही त्यांनी केले, पण ते वाद्यवृंद फार काळ टिकले नाहीत.

क्वीनची स्थापना

रॉजर टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे यांचा ‘स्माइल’ नावाचा वाद्यवृंद होता. त्याचे गायक टिम स्टाफेल हे फ्रेडी यांचे महाविद्यालयातील मित्र. १९७० मध्ये स्टाफेल बाहेर पडल्यावर त्यांची जागा फ्रेडी यांनी घेतली. वाद्यवृंदाला ‘क्वीन’ हे नाव द्यावे हा आग्रह त्यांचाच. याच सुमारास त्यांनी बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. हे रोमन पुराणकथांतील देवांच्या दूताचे व बुध ग्रहाचे नाव आहे. १९७१ मध्ये जॉन डीकन हे खर्ज गिटारवादक म्हणून सामील झाले आणि चौघांचा संच पूर्ण झाला. हा संच पुढील वीस वर्षे अखेरपर्यंत अभंग राहिला. क्वीनचे बोधचिन्ह मर्क्युरी यांनी स्वतः रेखाटले. त्यात चारही सदस्यांच्या राशींची प्रतीके आणि त्यांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी आहे.

क्वीनची पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये निघाली. १९७४ मधील मर्क्युरीरचित ‘किलर क्वीन’ या गीतामुळे वाद्यवृंदाचे नाव इंग्लंडबाहेर पोहोचले. १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या ध्वनिमुद्रिकेतील ‘बोहेमियन रॅप्सोडी’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध रचना. सुमारे सहा मिनिटांच्या या गीतात संथ भावगीत, ऑपेराच्या धर्तीचे समूहगायन आणि जोरकस रॉक असे भिन्न प्रकृतीचे भाग एकामागून एक येतात आणि नेहमीप्रमाणे ध्रुवपद मात्र नाही. इतके लांब गीत रेडिओवर कोणी वाजवणार नाही, अशी व्यावसायिकांना धास्ती होती. प्रत्यक्षात ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

गायनशैली

मर्क्युरी यांचा बोलण्याचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता, परंतु गाताना ते सहजपणे वरच्या पट्टीत वावरत. मृदू कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतचे सर्व टप्पे ते एकाच गीतात गाठू शकत. पाश्चात्त्य गायनाचे रीतसर शिक्षण त्यांनी फारसे घेतलेले नव्हते. त्यांच्या तोंडात चार दात जास्त होते व त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले होते. याची त्यांना लहानपणापासून लाज वाटे. बोलताना, हसताना ते ओठांनी दात झाकून घेत. तरीही शस्त्रक्रिया केल्यास आवाजाचा पोत बदलेल या भीतीने त्यांनी दात कधी काढले नाहीत. २०१६ मध्ये युरोपीय संशोधकांच्या एका गटाने त्यांच्या ध्वनिमुद्रणांचे शास्त्रीय विश्लेषण केले. त्यांच्या स्वरातील कंप इतर गायकांच्या तुलनेत अधिक जलद व अनियमित असल्याचे त्यात आढळले.

या आवाजाला एक कायमची व्याधी होती. स्वरतंतूंवर गाठी येत असल्याने दीर्घ दौऱ्यांत त्यांचा घसा बसे. १९७५ मधील अमेरिकेच्या दौऱ्यात या कारणाने काही कार्यक्रम रद्द करावे लागले होते. म्हणून ध्वनिमुद्रणातील अतिउच्च स्वर ते जाहीर कार्यक्रमात अनेकदा खाली उतरवून घेत किंवा टेलर यांच्यावर सोपवत. ‘बोहेमियन रॅप्सोडी’तील अनेकपदरी समूहगायन चौघांना रंगमंचावर उभे करणे अशक्यच होते. त्या भागापुरती ध्वनिफीत वाजवली जाई, कलावंत रंगमंचावरून निघून जात आणि रॉकचा भाग सुरू होताच प्रकाशझोतात पुन्हा अवतरत.

जाहीर कार्यक्रम

मर्क्युरी यांनी क्वीनबरोबर जगभर सुमारे ७०० जाहीर कार्यक्रम केले. कारकिर्दीच्या आरंभीच्या काळात एका कार्यक्रमात ध्वनिक्षेपकाचा जड दांडा मध्येच निखळला. गाणे न थांबवता वरचा अर्धा भाग हातात घेऊनच ते गात राहिले. ही अडचण त्यांना इतकी सोयीची वाटली, की तो बैठक नसलेला अर्धा दांडा पुढे त्यांची ओळखच बनला. कधी ते तो राजदंडासारखा पेलत, तर कधी गिटारसारखा छातीशी धरत.

१८ सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये क्वीनने विनामूल्य कार्यक्रम केला. त्याला दीड लाखाहून अधिक श्रोते जमल्याचा अंदाज आहे. मे १९७७ मध्ये स्टॅफर्ड येथील कार्यक्रम संपल्यानंतर श्रोत्यांनी जागेवरून न हलता स्वतःच एक गीत गायला सुरुवात केली. या प्रसंगाने मे आणि मर्क्युरी दोघेही चकित झाले. श्रोत्यांना गाऊ न देता केवळ ऐकवत राहण्यापेक्षा त्यांच्यासाठी जागा ठेवून गाणी रचावीत, असा विचार त्यातून पुढे आला. मे यांनी ‘वी विल रॉक यू’ व मर्क्युरी यांनी ‘वी आर द चॅम्पियन्स’ ही गीते त्याच वर्षी रचली. पहिल्या गीताचा ठेका पायाचे दोन ठोके आणि एक टाळी एवढाच आहे. तो धरण्यासाठी वाद्य लागत नाही, भाषा समजावी लागत नाही आणि गाता येण्याचीही गरज नसते. जगभरच्या क्रीडांगणांत ही दोन्ही गीते आजही ऐकू येतात.

कीर्तनात बुवांच्या ओळीमागून टाळकरी आणि श्रोते ओळ उचलतात, तशीच काहीशी पद्धत मर्क्युरी यांनी मोठ्या क्रीडागारांत रुजवली. शब्दांविना एखादी स्वरावली ते गात व श्रोते ती जशीच्या तशी परत करीत. हळूहळू ते स्वरावली अवघड करीत नेत आणि समुदायही त्यांच्यामागून चढत जाई. मार्च १९८१ मध्ये ब्राझीलमधील साओ पावलो येथे मोरुम्बी क्रीडागारात लागोपाठ दोन रात्री प्रत्येकी एक लाखाहून अधिक श्रोते होते. पोर्तुगीज बोलणाऱ्या या श्रोत्यांनी ‘लव्ह ऑफ माय लाइफ’ हे इंग्रजी गीत अथपासून इतिपर्यंत पाठ म्हटले व मर्क्युरी यांनी मध्येच थांबून ते ऐकून घेतले. २७ जुलै १९८६ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील कार्यक्रमात त्यांनी तेथील एक लोकगीत मूळ हंगेरियन भाषेत गायले. शब्द विसरू नयेत म्हणून त्यांनी ते तळहातावर लिहून घेतले होते. साम्यवादी राजवटीखालील पूर्व युरोपात पाश्चात्त्य रॉक वाद्यवृंदाचा इतका मोठा कार्यक्रम ही त्या काळी अपूर्व घटना होती.

रंगमंचाबाहेर मात्र ते भिडस्त होते. मुलाखती देणे त्यांना आवडत नसे. आपल्या भारतीय पार्श्वभूमीविषयी ते जाहीरपणे क्वचितच बोलले. त्यामुळे त्यांच्या हयातीत अनेक चाहत्यांना ते पारशी असल्याचे ठाऊकही नव्हते.

टीका व पडता काळ

ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी येथे कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केलेले असताना हा दौरा झाल्याने वाद्यवृंदावर कठोर टीका झाली. ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला. आपण राजकारणात पडत नाही व श्रोत्यांमध्ये भेदभाव करीत नाही, ही वाद्यवृंदाची भूमिका अनेकांना पटली नाही. स्वतः वंशभेदाच्या हिंसाचारामुळे देशोधडीला लागलेल्या कलावंताने हा कार्यक्रम स्वीकारावा, हा विरोधाभास त्यांच्या चरित्रातील एक वादग्रस्त मुद्दा राहिला आहे. त्याच वर्षी ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ या गीताच्या चित्रफितीत चौघांनी स्त्रीवेश केल्यामुळे अमेरिकेत त्यांची लोकप्रियता घसरली. वाद्यवृंदात मतभेद वाढले होते आणि काही काळ काम थांबवण्याचा विचारही सुरू होता.

लाइव्ह एड

इथिओपियातील भीषण दुष्काळाच्या मदतीसाठी बॉब गेल्डॉफ आणि मिज यूर यांनी १३ जुलै १९८५ रोजी लंडन व अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे एकाच दिवशी भव्य संगीत कार्यक्रम योजले. उपग्रहाद्वारे त्यांचे अनेक देशांत थेट प्रक्षेपण झाले. वेम्बलीत सुमारे ७२,००० श्रोते उपस्थित होते. प्रत्येक कलावंताला साधारण वीस मिनिटे मिळणार होती. स्वतःची रोषणाई व सजावट आणता येणार नव्हती. शिवाय, तिकिटे विकली गेली तेव्हा क्वीनचे नाव जाहीर झालेले नसल्याने समोरचा श्रोता खास त्यांचा नव्हता.

इतर अनेकांनी या कार्यक्रमाची फारशी तयारी केली नाही. क्वीनने मात्र लंडनमधील एका नाट्यगृहात घड्याळ लावून कसून सराव केला. नवे गाणे पुढे करण्याऐवजी सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांचे निवडक भाग त्यांनी एकात एक गुंफले. घशाचा त्रास असल्याने गाऊ नये, असा सल्ला डॉक्टरांनी मर्क्युरी यांना दिल्याचे सांगितले जाते.

सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, लख्ख उन्हात, बिनबाह्यांचा पांढरा बनियन आणि जीनची तुमान अशा साध्या वेशात ते रंगमंचावर धावत आले. पियानोवर ‘बोहेमियन रॅप्सोडी’चा आरंभीचा भाग घेऊन त्यांनी सुरुवात केली. पाठोपाठ आलेल्या ‘रेडिओ गा गा’ या टेलर यांच्या गीतात संपूर्ण क्रीडागाराचे हात डोक्यावर एकाच वेळी टाळी देऊ लागले. त्यानंतर त्यांनी वाद्यांविना केवळ आवाजाने श्रोत्यांशी सवालजवाब केले. त्यातील एक दीर्घ लांबवलेला स्वर आजही विशेष वाखाणला जातो. शेवट ‘वी आर द चॅम्पियन्स’ने झाला. रात्री ते आणि मे असे दोघेच पुन्हा रंगमंचावर आले व त्यांनी एक शांत गीत सादर केले.

या सादरीकरणाने क्वीनला नवसंजीवनी मिळाली. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांची मागणी पुन्हा वाढली आणि वाद्यवृंदाने काम थांबवण्याचा विचार सोडून दिला. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये घेतलेल्या एका कौलात संगीतक्षेत्रातील जाणकारांनी या सादरीकरणाला रॉकमधील सर्वोत्कृष्ट प्रत्यक्ष सादरीकरणाचा मान दिला.

अखेरचा दौरा

१९८६ च्या उन्हाळ्यात क्वीनने युरोपचा दौरा केला. ११ व १२ जुलै रोजी ते पुन्हा वेम्बलीत गायले. या दौऱ्यात अखेरच्या सलामीला मर्क्युरी राजमुकुट व राजवस्त्र धारण करून येत. ९ ऑगस्ट १९८६ रोजी इंग्लंडमधील नेबवर्थ येथे एक लाखाहून अधिक श्रोत्यांसमोर दौऱ्याची सांगता झाली. मर्क्युरी यांचा क्वीनसोबतचा हा अखेरचा जाहीर कार्यक्रम ठरेल, याची श्रोत्यांना कल्पना नव्हती.

त्यानंतर त्यांनी आपली जुनी ऑपेराप्रीती जोपासली. स्पेनच्या विख्यात ऑपेरागायिका मोंसेरात काबाये यांच्यासह त्यांनी ‘बार्सिलोना’ ही ध्वनिमुद्रिका केली (१९८८). ऑक्टोबर १९८८ मध्ये बार्सिलोना येथे दोघांनी त्यातील गीते रंगमंचावर सादर केली. मर्क्युरी यांचे हे रंगमंचावरील शेवटचे सादरीकरण होय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या वेळी शीर्षकगीत जगभर गाजले, परंतु तो सोहळा पाहण्यास ते हयात नव्हते.

आजारपण व मृत्यू

१९८७ मध्ये मर्क्युरी यांना एचआयव्हीची बाधा झाल्याचे निदान झाले. एड्सवर परिणामकारक उपचार त्या काळी उपलब्ध नव्हते आणि समाजात या रोगाविषयी भीती व तिरस्कार होता. भारतातही या विषाणूचे पहिले रुग्ण आदल्याच वर्षी आढळले होते. मर्क्युरी यांनी आपला आजार अगदी निकटच्या व्यक्तींपुरता मर्यादित ठेवला. त्यांची एकेकाळची सहचरी व आजन्म मैत्रीण मेरी ऑस्टिन आणि अखेरच्या काळातील जोडीदार जिम हटन हे त्यांच्या सोबत होते. वाद्यवृंदातील सहकाऱ्यांनीही ही गोष्ट गुप्त राखली. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार त्यांच्या घराबाहेर पाळत ठेवून असत.

जाहीर दौरे थांबले, पण गाणे थांबले नाही. ‘द मिरॅकल’ (१९८९) आणि ‘इन्युएंडो’ (१९९१) या ध्वनिमुद्रिका त्यांनी याच काळात पूर्ण केल्या. ‘द शो मस्ट गो ऑन’ हे अत्यंत चढ्या पट्टीतील गीत त्यांनी नीट उभे राहण्याचीही ताकद उरली नसताना गायले. मे १९९१ मध्ये त्यांनी अखेरच्या चित्रफितीचे चित्रीकरण केले. प्रकृती खालावल्याचे दिसू नये म्हणून ती कृष्णधवल ठेवण्यात आली. स्वित्झर्लंडमधील मोंत्रू येथील ध्वनिमुद्रणगृहात, जमेल तितक्या ओळी ते ध्वनिमुद्रित करून ठेवत राहिले. उरलेल्या तिघांनी त्यांवर संगीत चढवून १९९५ मध्ये ‘मेड इन हेवन’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली.

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्यांनी निवेदनाद्वारे आपल्याला एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनमधील केन्सिंग्टन येथील राहत्या घरी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ४५ वर्षे होते. २७ नोव्हेंबर रोजी पारशी धर्मगुरूंनी झरथुष्ट्री पद्धतीने अंत्यविधी केले. ज्या धर्मपरंपरेविषयी ते जाहीरपणे बोलले नव्हते, तिच्याच प्रार्थनांनी त्यांना निरोप देण्यात आला.

आजाराची वाच्यता त्यांनी आधीच केली असती, तर एड्सविषयीच्या जनजागृतीस मोठी मदत झाली असती, असे काही समीक्षकांचे मत होते. आजारी माणसाला आपले खासगीपण जपण्याचा अधिकार आहे आणि गाता येईल तोवर केवळ गायक म्हणूनच ओळखले जावे ही त्यांची इच्छा रास्त होती, असे इतरांनी मांडले. हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही. तथापि, इतक्या लोकप्रिय कलावंताच्या मृत्यूमुळे या रोगाची चर्चा प्रथमच असंख्य घरांत झाली, याबद्दल दुमत नाही.

स्मृती व प्रभाव

मृत्यूनंतर ‘बोहेमियन रॅप्सोडी’ पुन्हा प्रकाशित होऊन ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला देण्यात आले. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली क्रीडागारात त्यांच्या स्मरणार्थ भव्य कार्यक्रम झाला. एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, जॉर्ज मायकल, ॲनी लेनॉक्स आदी गायकांनी त्यांची गाणी गायली. या निधीतून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही संस्था उभी राहिली. ती एचआयव्ही-एड्सविरोधी कार्याला जगभर साहाय्य करते.

१९९६ मध्ये मोंत्रू येथे जिनिव्हा सरोवराकाठी मर्क्युरी यांचा पूर्णाकृती पुतळा उभारण्यात आला. २००१ मध्ये अमेरिकेच्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये क्वीनचा समावेश झाला. २०१६ मध्ये फेल्टम येथील त्यांच्या कुटुंबाच्या घरावर स्मृतिफलक बसवण्यात आला. त्यांच्या जीवनावरील ‘बोहेमियन रॅप्सोडी’ (२०१८) या चित्रपटाला चार ऑस्कर पुरस्कार मिळाले. मर्क्युरी यांची भूमिका करणारे रामी मलेक हे त्यांपैकी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या पुरस्काराचे मानकरी होते. चित्रपटात आजाराचे निदान लाइव्ह एडपूर्वी झाल्याचे दाखवले आहे, परंतु प्रत्यक्षात तो कार्यक्रम निदानाच्या सुमारे दोन वर्षे आधी झाला होता. झांझिबार येथे २०१९ पासून त्यांच्या नावे एक वस्तुसंग्रहालय आहे.

आता त्यांचे चाहते पाचगणीची शाळाही आवर्जून पाहण्यास येतात. मर्क्युरी यांच्या हयातीत बहुतेकांना अज्ञात असलेला त्यांच्या आयुष्यातील महाराष्ट्राचा अध्याय अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतर प्रकाशात आला आहे.